लक्षात ठेवायचे तुमचे खेळ कोणते? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात साताऱ्यात मोती चौकात पाच वस्तू आणायला गेलो आणि चार घेऊन आलो, राहिली ती नेमकी आईची बीपीची गोळी. रात्री साडेनऊला परत धावलो तर दुकान बंद. त्या दिवसापासून मी यादी रस्त्यावर मांडतो. म्हणजे पोवई नाका, कमानी हौद, देवी चौक, मोती चौक, राजवाडा, हे पाच टप्पे मला झोपेतही पाठ आहेत, मग डोळे मिटून प्रत्येक ठिकाणी एक वस्तू ठेवायची, आणि ती जितकी अचाट तितकी चांगली. कमानी हौद काठोकाठ दुधानं भरलाय, देवी चौकात छत्रीएवढी गोळी गडगडत येतीय आणि रिक्षावाले हॉर्न मारतायत. साधी गोळी ठेवली तर विसरते, छत्रीएवढी विसरत नाही. ही युक्ती फार जुनी आहे, ग्रीक कवी सिमोनिडीसची म्हणून सांगतात: जेवणाच्या दालनाचं छत कोसळलं आणि कोण कुठं बसलं होतं त्या जागांवरून त्यानं माणसं ओळखली. तुम्ही काय करता ते लिहा, लहानसहान असलं तरी लिहा.

---

सांगलीहून लिहितेय. तानापिहिनिपाजा सगळ्यांनाच येतं, पण लेकीला जिल्ह्याचे दहा तालुके काही केल्या येईनात, रोज रडारड. मग दोघींनी पहिली अक्षरं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि जमिनीवर पसरून हलवत बसलो, तासाभरानं निघालं "आज ताक, वा! मिशी! पकखा". आटपाडी, जत, तासगाव, कवठेमहांकाळ, वाळवा, मिरज, शिराळा, पलूस, कडेगाव, खानापूर. तिनं लगेच आजोबांच्या मिशीला ताक लागलेलं चित्र काढलं. दोन क मध्ये घोळ व्हायचा, तर ताकातला क कवठेमहांकाळचा असं ठरवलं. मला वाटतं, तो तासभर चिठ्ठ्या हलवल्या म्हणूनच पाठ झालं, मी आयतं वाक्य दिलं असतं तर दोन दिवसांत गेलं असतं.

---

मी एसटीत कंडक्टर होतो, सातारा-कराड बरीच वर्षं. सुट्टे नसले की तिकिटामागं लिहून द्यायचो, पण कोण कुठं उतरणार ते डोक्यातच ठेवायला लागायचं. नागठाण्याला निळी पिशवी, अतीतला आजी, काशीळला काठी, उंब्रजला उंच माणूस, असं गावाच्या पहिल्या अक्षराला माणसाचं काहीतरी जोडायचो. नाही जुळलं तर ओढूनताणून जुळवायचं, त्या ओढाताणीतच ते डोक्यात बसतं. रिटायर झालो तरी लग्नाकार्यात नवीन पाहुण्यांची नावं अशीच धरतो.

---

स्पर्धा परीक्षेची तयारी करतीये, साताऱ्यात रूमवर राहते. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं 1885 मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरं पाठ करून प्रयोग छापले, त्यात दिसतं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगानं होतं. म्हणून आम्ही तिघी आज वाचलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं विचारतो. नुसतं परत वाचायचं नाही, पुस्तक मिटून सांगायचं. चुकेल तिनं चहा करायचा.

---

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एक कळकळीनं सांगायचंय. माझी आई रोजच्या मंडईच्या रस्त्यावर एकदा वाट चुकली, दुसऱ्यांदाही चुकली, आणि आम्ही वयाचं म्हणून शब्दकोडी आणून दिली. सहा-सात महिने असेच घालवले. शेवटी डॉक्टरांकडं नेलं तर तपासणीत बी12 खूप कमी निघालं, औषध सुरू झालं. चावी कुठं ठेवली ते न आठवणं वेगळं आणि ओळखीचा रस्ता हरवणं वेगळं, रस्ता हरवला तर खेळ बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आता औषधासोबत खेळतोही. परातीत दहा वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघायच्या, वर टॉवेल टाकायचा. पहिल्यांदा आई तीनवर थांबली आणि गप्प झाली, मग मुलीनं प्रत्येक वस्तूची गोष्ट विचारायला सुरुवात केली, अडकित्ता कुणाचा, वाटी कुठून आणली. परवा सात सांगितल्या, आणि आठवी म्हणून टॉवेलाकडं बोट दाखवून म्हणाली, हा माझ्या माहेरचा.