चवली म्हणजे नक्की किती? आणि चाराणे बंद होऊनही बोलण्यात कसे टिकले?

‘चवली-पावली’ हा जोडशब्द बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण नुसती चवली म्हणजे किती असं विचारलं की लोक बिनधास्त चाराणे म्हणून मोकळे होतात. हिंदीतल्या चवन्नीमुळे होत असणार हा घोळ. मराठीत चवली म्हणजे दोन आणे. चार आण्यांना पावली, कारण ती रुपयाचा पाव हिस्सा, आणि आठ आण्यांना अधेली. ज्यांनी आणे पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी हिशेब: सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै.

आता माझा प्रश्न असा की ही सगळी नाणी गेली, मग पावली आणि चाराणे लोकांच्या तोंडात का राहिले आणि चवली बिचारी पावलीचा हात धरूनच का दिसते? एकटी कुठे भेटतच नाही.

—

उत्तर गणितात आहे असं मला वाटतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले. शंभराला सोळाने भागलं की येतात सव्वासहा, म्हणजे एका आण्याची किंमत पूर्णांकात बसेना. तेव्हा जे कोष्टक आलं त्यात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे बरोब्बर २५. आता बघा, पावलीला २५ चं नवं नाणं मिळालं, अधेलीला ५० चं मिळालं, त्यामुळे लोकांनी नव्या नाण्यांना सरळ जुनीच नावं लावली आणि चाराणे-आठाणे हे शब्द आणे गेल्यावरही मजेत चालू राहिले. चवलीचे काटेकोर हिशेबाने झाले साडेबारा, कोष्टकात १२. तेवढ्याचं नाणं कधी निघालंच नाही, मग शब्द चिकटणार कशाला? बाराण्याचं म्हणाल तर बारा आण्यांचंही नाणं नव्हतं आणि ७५ पैशांचंही नव्हतं, पण पावली आणि अधेली मिळून ते होतात म्हणून चालून गेलं.

आणि म्हणूनच दहा पैसे, वीस पैसे यांना नाव म्हणून काही मिळालंच नाही. पाच पैशाचं चौकोनी, दहाचं पाकळ्यांचं, वीसचं षटकोनी, आकार डोळे मिटूनही सांगता येतील, पण नाव विचाराल तर नुसता आकडा. आण्यांच्या हिशेबात त्यांना कुणी पूर्वज नव्हता ना. बरं, ‘नवा’ हे एकच विशेषण सरकारने दिलं होतं, तेही १९६४ मध्ये काढून टाकलं.

—

गणित पटलं, पण मग पै चं काय? ती तर पैशाहून लहान, तिला दशमानात अजिबात जागा नव्हती, तरी ‘पै न पै वसूल केली’, ‘पै पै जोडून घर बांधलं’ हे आजही सगळे बोलतात की. दमडी, छदाम, फुटकी कवडी यांचंही तेच, कवडी तर नाणंसुद्धा नाही, समुद्रातल्या गोगलगायीचा शिंपला, पण कवडीमोल आणि कवडीचुंबक दोन्ही ठणठणीत. माझ्या मते इथे दोन प्रकार आहेत. चवली, अधेली हे देण्याघेण्याचे शब्द, व्यवहार थांबला की ते थांबतात. पै, दमडी, कवडी हे ‘सगळ्यात लहान’ या अर्थाचे शब्द, त्यांना बाजारभावाशी देणंघेणं नाही, उलट नाणं जितकं क्षुल्लक तितकी म्हण ठसठशीत. ‘पैशाला पासरी’ बघा, त्यातला तो पैसाही गेला आणि पाच शेरांची पासरीही गेली, तरी अर्थ सगळ्यांना कळतो.

आणा मात्र तिसऱ्याच वाटेने टिकला, प्रमाण म्हणून. ‘सोळा आणे खरं’ म्हणजे शंभर टक्के खरं. वडिलोपार्जित जमिनीच्या जुन्या सातबाऱ्यावर हिस्से आणे-पैमध्ये लिहिलेले असायचे, रुपया म्हणजे अख्खी जमीन. पिकाच्या अंदाजालाही आणेवारी म्हणत, आता सरकारी कागदात पैसेवारी झालीय, आणि ५० पैशांच्या आत पैसेवारी आली की दुष्काळाची चर्चा सुरू. जे पैसे खिशात कुणी ठेवत नाही त्या पैशांत अख्ख्या गावाचं पीक मोजतात, कमाल आहे!

—

थोडं अवांतर. सुट्या पैशांना तुमच्याकडे काय म्हणतात? मी मोड म्हणतो, कारण नोट मोडायची असते. न मोडलेला तो बंदा, म्हणून बंदा रुपया. हल्ली बंदा रुपया म्हणजे खणखणीत माणूस एवढाच अर्थ लोकांना माहीत असतो, पण मूळ अर्थ अख्खा, एकसंध. चिल्लर हा शब्द मला उगाच तुच्छतेचा वाटतो (वैयक्तिक मत, मारू नका). खुर्दा सगळ्यात झकास, फारसी खुर्द म्हणजे लहान, गावांच्या नावात खुर्द आणि बुद्रुक असतं त्यातलाच.

—

खुर्दा +१. मोडपण चालेल.

—

पावलीचा आणखी एक उपयोग राहिला, ‘त्याची पावली कमी आहे’, म्हणजे डोक्याने थोडा इकडेतिकडे. इथे पण प्रमाणच, रुपयात पाव कमी.

आणि सव्वा रुपया! दक्षिणा देताना, नवसात अजून सव्वा रुपया म्हणतात, पण २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाल्यामुळे तो रोख देताच येत नाही. गंमत म्हणजे यूपीआयने १.२५ आरामात पाठवता येतात, पेट्रोलच्या दरात आणि शेअरच्या भावात पैसे रोज असतातच, म्हणजे पैसा हिशेबातून गेलेला नाही, फक्त हातातून गेलाय.

मूळ प्रश्नात ‘ही सगळी नाणी गेली’ असं लिहिलंय आणि त्यात आठाणेही धरलेत, तेवढं दुरुस्त करा. दुकानदार तोंड वाकडं करतात ही गोष्ट वेगळी, पण ५० पैशांचं नाणं रद्द झालेलं नाही, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठाण्यांत देता येते. म्हणजे एका वेळी वीस आठाणे, एकविसावा घ्यायचा की नाही ते समोरच्याने ठरवायचं.