जन्मतः हडकुळे मूल आता भराभर जाड होत आहे; पुढे हृदयाला धोका असतो का?

कृष्णाकाठ: माझा मुलगा सात वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याचे वजन २ किलो ३०० ग्रॅम होते, त्यामुळे त्याच्या अंगाला मांस लागावे हाच घरात सगळ्यांचा ध्यास होता. दुधात चॉकलेटची पावडर, पोळी-भाजी नको म्हणाला की डब्यात बिस्किटे, संध्याकाळी नूडल्स, हे तेव्हा सुरू झाले ते आजतागायत चालू आहे. गेल्या दीड वर्षात त्याचे पोट सुटले असून गणवेशाची चड्डी कमरेत दोनदा उसवून घ्यावी लागली. सासूबाई म्हणतात, "खात्यापित्या घरचे पोर आहे, उंची वाढली की आपोआप बारीक होईल." मात्र सासऱ्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच हृदयविकाराचा झटका आला होता. लहानपणच्या वजनाचा या आजाराशी खरोखर संबंध असतो का, आणि मुलाचे खाणे आत्तापासून कमी करावे का?

बालवैद्य: संबंध आहे, आणि आपल्याकडे तो थोडा वेगळ्या वाटेने जातो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. पण आपली बाळे स्नायूंनी जितकी कमी होती, तितकी चरबीने नव्हती. म्हणजे वरून काटकुळ्या दिसणाऱ्या बाळाच्या अंगातही चरबीचा वाटा मोठा असतो. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्यांच्या पाहणीचा निष्कर्ष २००४ साली आला. ज्यांना तरुणपणी मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने झपाट्याने वाढत गेले होते. बाराव्या वर्षी मात्र त्यांच्यातला एकही जण लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत नव्हता! मधुमेह हा हृदयविकाराचा सख्खा सोबती असल्यामुळे, नुसते "फार जाड तर दिसत नाही ना" एवढ्यावर थांबू नये. अमेरिकेतील बोगालुसा येथील पाहणीत अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्या मुला-तरुणांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा चरबीचे पट्टे बालवयातच दिसले होते.

दिलासा देणारी बाजूही सांगतो. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातील चार पाहण्यांच्या २०११ सालच्या एकत्रित विश्लेषणात, लहानपणी जाड असूनही मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांचा धोका, कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास आढळला. म्हणून मुलाला उपाशी ठेवू नका. या वयात बहुधा वजन उतरवायचे नसते. ते आहे तिथे रोखून उंचीला पुढे जाऊ द्यायचे असते. डॉक्टरांकडून वाढीच्या तक्त्यावर जुन्या नोंदींसह रेघ काढून घ्या. घरी कमरेचा घेर मोजा; तो उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर तपासणी लांबवू नका.

डबेवाली_मावशी: आहारतज्ज्ञ म्हणून मी आधी ती पावडर बंद करीन. दिवसभरातील वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुमारे १,५०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे १९ ग्रॅम, जेमतेम चार चमचे. गूळ, मध आणि फळांचा रस यांना यात सूट नाही. सबंध फळाला आहे. वरणभातावरच्या चमचाभर तुपावरून सासूबाईंशी वाद घालू नका, खरी अडचण बिस्किटांच्या डब्याची आहे. मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, थालीपीठ हे घरात सगळ्यांसाठीच करा. एकट्या मुलाच्या ताटावर पहारा बसवला की ते मूल चोरून खाऊ लागते.

खडूफळा: शिक्षक म्हणून भर घालतो: वर्गात एकदा "जाड्या" हे नाव पडले की ते मूल मैदानावर यायचे टाळते आणि मग वजन आणखी वाढते. वजनाची चर्चा त्याच्यासमोर करू नये. माझा भाचा मात्र उंची वाढल्यावर खरेच बारीक झाला, तेव्हा आजींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नसावे.

बालवैद्य: काही मुले होतात, पण लहान वजनाने जन्मून नंतर भराभर भरलेल्या मुलाच्या बाबतीत मी वाट पाहणार नाही. दुसरे असे की, आजोबांना पंचावन्नच्या आत झटका आला असल्यामुळे मुलाच्या वडिलांचे कोलेस्टेरॉल आधी तपासावे. रक्तात कोलेस्टेरॉल फार वाढवणारा एक आनुवंशिक दोष असतो, तो आईवडिलांपैकी एकाकडे असल्यास प्रत्येक मुलात येण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि शिडशिडीत मुलांनाही तो सोडत नाही. वडिलांचा अहवाल काहीही आला तरी मुलाची तपासणी या कौटुंबिक इतिहासावरून करून घ्यावी.

कृष्णाकाठ: वडिलांनी आजवर एकदाही तपासणी केलेली नाही. या आठवड्यात दोघांचेही रक्त देतो.