क्लॅन्डन पार्क : जळालेली हवेली पूर्ववत उभारावी की भग्नावस्थेतच जपावी?

धागाकर्ता :
इंग्लंडच्या सरे परगण्यातील क्लॅन्डन पार्क ही हवेली ऑन्स्लो घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जाकोमो लिओनी या व्हेनिसच्या वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतली. १९५६ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आली. २९ एप्रिल २०१५ रोजी तळघरातील विजेच्या फलकातून आग लागली आणि छपरासह बहुतेक मजले कोसळले. मुख्य दालने पूर्ववत करण्याचे ट्रस्टने आधी जाहीर केले होते. २०२२ मध्ये मात्र भिंती उघड्याच ठेवून आतून पायवाटा काढण्याचे ठरले. मला हे पटत नाही. अपपार्क हवेली १९८९ मध्ये जळाली, तेव्हा याच संस्थेने राखेचा ढिगारा चाळून, हजारो पिंपांत भरून, तुकड्यांची ओळख पटवत १९९५ मध्ये ती पुन्हा खुली केली. चुन्याच्या गिलाव्यावर हाताने नक्षी उठवण्याची जवळजवळ विसरलेली कला त्या निमित्ताने कारागिरांनी पुन्हा शिकून घेतली.

प्रतिसाद १ :
अपपार्कचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे आग छपरावरून खाली उतरली, त्यामुळे तळमजल्यावरचे बरेचसे सामान बाहेर काढता आले. क्लॅन्डनमध्ये ती तळघरातून वर चढली आणि स्पीकर्स पार्लर हे एकच दालन बऱ्यापैकी शाबूत राहिले. जे उरलेच नाही ते नव्याने घडवले, तर त्याला प्रतिकृती म्हणावे, जतन नव्हे. शिवाय गिलावा गळून पडल्यामुळे गवंड्यांनी केलेली विटांची जोडणी प्रथमच पाहायला मिळते आहे, जी यजमानांनी मुद्दाम झाकली होती.

धागाकर्ता :
गवंड्यांचे काम दिसावे हे मान्य. पण छताची नक्षी करणारेही कारागीरच होते. संगमरवरी दालनातील शिल्पकार रिसब्राकच्या भिंतीतल्या शेकोट्या (फायरप्लेस) वाचल्या आहेत. त्यांच्याभोवती ते एक दालन तरी पूर्ण करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद २ :
‘पूर्ववत’ म्हणजे नेमके कोणत्या वर्षासारखे? न्यूझीलंडचे गव्हर्नर राहिलेल्या ऑन्स्लो घराण्यातील चौथ्या अर्लने (उमरावाने) १८९२ मध्ये हिनेमिही हे तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे सभागृह येथील बागेत आणून उभे केले. त्याची कोरीव शिल्पे आता मायदेशी पाठवण्याचे ठरले आहे; म्हणजे ही वास्तू आणि तिचा परिसर सतत बदलतच आला. मात्र भग्नावस्था स्वस्त पडते, असा समज कोणी करून घेऊ नये. आतल्या विटा पावसात उघड्या राहण्यासाठी रचलेल्या नव्हत्या, त्यामुळे अवशेष जपायचे तरी वर पक्के छप्पर घालावेच लागणार आहे.