मन रोज दोषी ठरवते. अशा माणसाने देवाच्या दयेची खात्री कशी धरावी?

प्रश्न : शहापूरची वाचक (बेळगाव)

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती उपासना आहे, आणि ती मराठीत होते. तीन वर्षांपूर्वी माझे पती रुग्णालयात बावीस दिवस पडून होते. डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखे बोलणे सुरू केले, तेव्हा शेजारच्या काकू सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीचा भंडारा, म्हणजे हळद, घेऊन आल्या. त्यांनी तो मायेने आणला होता, आणि त्यांना कोणी नावे ठेवलेली मला आजही चालणार नाहीत. मी तो माझ्या हाताने पतीच्या कपाळाला लावला आणि हे बरे झाले तर डोंगरावर येऊन ओटी भरीन, असे बोलून बसले. ते बरे झाले. माघातल्या पौर्णिमेला, म्हणजे भारत हुन्निमेला, मी काकूंबरोबर जाऊन नवस फेडून आले, आणि मंडळीत कोणापाशी त्याचा उच्चार केला नाही.

गेल्या पावसाळ्यात एका घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. मनावरचे ओझे हलके व्हावे म्हणून मी त्यांना एकांतात सर्व सांगितले. त्यांनी सगळ्यांसमोर इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय उघडला आणि सत्याचे ज्ञान मिळाल्यावर बुद्धिपुरस्सर पाप करणाऱ्यासाठी यज्ञ उरत नाही, हे वचन माझ्याकडे पाहून वाचले. त्या दिवसापासून पहाटे तीनला जाग येते आणि तेच वाक्य कानात घुमत राहते. रुग्णालयातल्या उशीच्या अभ्र्यावर भंडाऱ्याचा पिवळा डाग राहिला आहे. तो अभ्रा मला धुऊनही टाकवत नाही आणि फेकूनही देववत नाही. माझ्यासारखीला दया आहे का, आणि असल्यास ती आहे हे मी कशावरून समजावे?

उत्तर १ : निवृत्त मास्तर, निपाणी

ताई, ज्या पत्राचा धाक आपल्याला घातला गेला ते संपूर्ण वाचावे, अशी माझी पहिली विनंती आहे. दहाव्या अध्यायातील तो इशारा छळाला कंटाळून ख्रिस्ताला कायमचे सोडून देण्याच्या बेतात असलेल्यांना आहे. देवाच्या पुत्राला पायदळी तुडवणारा, असे शब्द तीनच ओव्या पुढे आले आहेत. नवऱ्याच्या खाटेशी बसून घाबरलेल्या बाईचे हे वर्णन नव्हे. त्याच अध्यायाचा शेवट, आपण मागे हटणाऱ्यांपैकी नाही, असे म्हणून लेखक करतो, आणि सहाव्या अध्यायातही असाच कडक इशारा दिल्यावर, प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची याहून चांगली खात्री आहे, असे लगेच जोडतो. तिथे जी गोष्ट अशक्य म्हटली आहे ती अशा लोकांना पश्चात्तापाकडे परत आणण्याची आहे. जी बाई पहाटे तीनला उठून रडते तिला पश्चात्तापाकडे आणखी कुठून आणायचे, हे त्या उपदेशकांना कोणी विचारायला हवे होते.

दुसरे, बायबलातील २ राजे या पुस्तकाचा पाचवा अध्याय. अरामाचा सेनापती नामान कोड बरे झाल्यावर इस्राएलाच्या देवाला मानू लागतो, पण जाताना अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा राजा रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने त्याला शांतीने जा एवढेच म्हटले. आपली गोष्ट अगदी तशी नाही, हे मी कबूल करतो. नामानावर नोकरीची सक्ती होती आणि आपण स्वतःहून गेलात. तरी संदेष्ट्याने त्या प्रसंगी धमकी दिली नाही, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या या सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळे निकालाची वाट पाहत आयुष्य काढणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणाला शिकवावे लागत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मात्र पौलाने 'आता' हा शब्द घातला आहे : ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. तारीख पडायची आहे, असे त्याने म्हटलेले नाही.

उत्तर २ : खानापूरकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे मास्तरांपेक्षा थोडे वेगळे सांगतो. स्वतःच्या तारणाविषयी चूक होणेच अशक्य अशी श्रद्धेची खात्री कोणी बाळगू नये, असे आमच्या चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ठरवले आणि आम्ही ते मानतो. पण त्याच ठिकाणी देवाची दया, ख्रिस्ताचे पुण्य आणि संस्कारांचे सामर्थ्य यांविषयी कोणीही शंका घेऊ नये, असेही म्हटले आहे. आमच्या कोंकणी घरांत ज्याला कुमसार म्हणतात त्या पापनिवेदनात धर्मगुरू मोठ्याने क्षमेचे शब्द उच्चारतो आणि ते आपल्या कानांनी ऐकू येतात. पहाटे तीनला कानात घुमणाऱ्या वाक्याला कानांनीच ऐकलेले दुसरे वाक्य लागते, असा माझा अनुभव आहे.

क्षमा झालेले पाप पुन्हा पुन्हा उकरणाऱ्या मनाच्या दुखण्याला आमच्याकडे 'स्क्रुपल' हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ अणकुचीदार खडा असा आहे. वहाणेत शिरलेला खडा लहानच असतो, पण चालणाऱ्याला रस्ता सोडून दुसरे काही सुचत नाही. संत आल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांना स्वतःला हा त्रास होता, आणि १९५० मध्ये पोपनी त्यांनाच पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते ठरवले. अशा मनाला जुना सल्ला असा की एकच विश्वासू मार्गदर्शक धरावा, त्याचे ऐकावे आणि तेच पाप पुन्हा सांगायला जाऊ नये. आपण फक्त माणूस चुकीचा निवडलात. झोप इतके महिने मोडत असेल तर डॉक्टरांनाही दाखवावे. त्यात अविश्वास नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. एक शंका राहते. मला धीर देणारी वचने मी माझ्या सोयीने निवडते आहे, असे मनाला वाटते. मी नवस केला होता, तो फेडलाही होता, आणि लपवलेही होते. यातले काहीच खोटे नाही. मग दोष देणारा आवाज देवाचा नाही, असे कशावरून म्हणायचे?

उत्तर ३ : चिकोडीहून एक पाळकपत्नी

बाई, तुमचा हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे उत्तर मला जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात सापडले. मुख्य याजक यहोशवा देवदूतापुढे उभा आहे, त्याच्या उजव्या हाताला दोष देण्यासाठी सैतान उभा आहे, आणि यहोशवाच्या अंगावरची वस्त्रे खरोखरच मळलेली आहेत. म्हणजे आरोप खोटा नाही. तिथे परमेश्वर, वस्त्रे स्वच्छ आहेत, असा बचाव करत नाही. हा आगीतून ओढून काढलेला कोलीत आहे, असे म्हणून तो आरोप करणाऱ्यालाच धमकावतो आणि मग यहोशवाची वस्त्रे बदलायला सांगतो. मी केले नाही, असे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. केले, असे म्हणा, आणि त्यापुढे गप्प राहा. पुढचे बोलणे पित्याजवळ आपली बाजू मांडणाऱ्या ख्रिस्ताचे आहे.

आवाज ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. देवाचा आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा नेमकी गोष्ट दाखवतो (तुमच्या बाबतीत कदाचित लपवणे) आणि तिच्यापुढची वाट उघडी ठेवतो. दुसरा आवाज नेमके काहीच सांगत नाही, तो फक्त, तू संपलीस, असे म्हणतो, आणि तेही तुम्ही एकट्या असताना. करिंथच्या मंडळीत एका माणसाला शिक्षा झाल्यावर, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो अति दुःखाने बुडून जाईल, असे पौलाला लिहून कळवावे लागले. दुःखालाही मर्यादा असावी, असे प्रेषितानेच मानले आहे.

पेत्राने येशूला नाकारले तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत होता, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तोच कोळशाचा विस्तव शेवटच्या अध्यायात सरोवराकाठी पुन्हा येतो. नव्या करारात तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी आहे. येशूने पेत्राला त्याच विस्तवापाशी बोलावले, आधी मासे आणि भाकरी दिली, आणि मग, माझ्यावर प्रीती करतोस का, असे तीनदा विचारले. त्या रात्रीचा विषय टाळला नाही, पण उपाशीपोटीही काढला नाही.

तुमच्या पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना घरी चहाला बोलवा आणि त्यांना सर्व सांगा. चारचौघांत सांगण्याची गरज नाही. काकूंशी वागणे बदलू नका. आणि तो अभ्रा साबणात घालू नका, हळद साबणाने लाल होते. नुसत्या पाण्यातून काढून चार दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका.

प्रश्नकर्ती

रविवारी उपासनेनंतर आमच्या पाळकबाई येणार आहेत. अभ्रा आज सकाळी बाहेर टाकला होता; अकराला पावसाची सर आली म्हणून आत आणला. उद्या पुन्हा टाकते.