सल्ला हवा: करपात्र उत्पन्न नाही, पण टीडीएस कापला गेलाय. परत कसा मागायचा?

कागदपेन्सिल | ११ ऑगस्ट २०२५
नाशिकमधून स्वतंत्रपणे अंतर्गत सजावटीची ड्रॉइंग आणि सल्ल्याची कामे करते. नोकरी नाही, जीएसटी नोंदणी नाही. आर्थिक वर्ष २०२४-२५ मधला हिशेब असा:

बिल्डर कंपनीकडून २,४०,००० रुपये, १० टक्क्यांनी २४,००० टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) म्हणून कापले.
दुसऱ्या कंपनीची बिले १,००,००० ची. ६०,००० वर्षभरात आले, ६,००० कापले. उरलेले ४०,००० चे बिल मार्चअखेरीस दिले होते, पैसे मेमध्ये मिळाले, ४,००० कापून.
फर्निचरवाल्या फर्मकडून प्रत्येकी ४०,००० ची दोन बिले, १ टक्क्याने ८०० कापले.
घरगुती गिऱ्हाइकांकडून रोख ४०,०००. बँकेच्या मुदत ठेवीवर व्याज १८,०००.

माझ्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएस उताऱ्यामध्ये फक्त ३०,००० दिसतात. विचारायचे ते असे: उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर रिटर्न भरावेच लागते का? कोणता फॉर्म? न दिसणाऱ्या ४,००० आणि ८०० चे काय? आणि पुढच्या वर्षी कंपन्यांना १५जी (कर लागत नाही, कापू नका असे सांगणारा फॉर्म) देऊन कपात थांबवता येईल का?

खतावणी | ११ ऑगस्ट २०२५
पहिल्या प्रश्नाचे उत्तर: हो, भरावेच लागते. वर्षभरात कापलेला टीडीएस २५,००० किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी रिटर्न सक्तीचे आहे. सक्ती नसती तरीही परतावा रिटर्नशिवाय मिळत नाही. २०२४-२५ च्या रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली.

अंतर्गत सजावट हा व्यवसाय कलम ४४एडीएच्या यादीत नावानिशी आहे, त्यामुळे आयटीआर-४, म्हणजे सुगम. तुमची जमा: २,४०,००० + ६०,००० + ८०,००० + ४०,००० = ४,२०,०००. मेमध्ये आलेले ४०,००० यात धरलेले नाहीत, त्याकडे नंतर येतो. ४४एडीएप्रमाणे यातली निम्मी रक्कम, २,१०,०००, उत्पन्न म्हणून दाखवायची. व्याज धरून २,२८,०००. नव्या करप्रणालीत २०२४-२५ साठी तीन लाखांपर्यंत कर शून्य, म्हणून कापलेली सगळी रक्कम परत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पन्नास टक्के ही किमान मर्यादा आहे, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. ड्रॉइंगच्या कामात खर्च तसा थोडा असतो. समजा नफा ७० टक्के आहे. मग २,९४,००० आणि व्याज मिळून ३,१२,०००. तीन लाखांवरच्या १२,००० वर पाच टक्क्यांनी कर ६००, आणि तो कलम ८७एच्या सवलतीत पूर्ण माफ, कारण २०२४-२५ साठी ही सवलत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. परतावा एका रुपयानेही कमी होत नाही. मग खरे उत्पन्न लपवायचे कशाला? उद्या गृहकर्ज मागायला गेलात की बँक हेच रिटर्न बघणार आहे. त्याच कारणासाठी खोटी वजावट दाखवून रिफंड वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

आता भरताना लोक हमखास चुकतात ती जागा. टीडीएसच्या तक्त्यात २६एएसमधली माहिती आपोआप येते. प्रत्येक ओळीत ‘हे उत्पन्न कोणत्या शीर्षकाखाली दाखवले’ असा रकाना असतो. तिथे ‘इतर स्रोत’ आले असेल तर बदलून ‘व्यवसाय’ करा. टीडीएस मागितला पण त्यामागची जमा व्यवसायाच्या तक्त्यात नाही, किंवा २६एएसपेक्षा कमी आहे, असे दिसले की रिटर्न सदोष असल्याची कलम १३९(९) ची नोटीस येते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. आयटीआर-१ (मुख्यतः पगारदारांचा फॉर्म) भरून व्यावसायिक जमा ‘इतर स्रोत’मध्ये टाकणाऱ्यांचेही हेच होते.

व्यवसायाच्या तक्त्यात बँकेतून आलेली जमा आणि रोख जमा वेगवेगळी लिहा. तुमचे ३,८०,००० आणि ४०,०००. त्याखाली रोख शिल्लक, येणे, देणे विचारतात, तेही भरा.

सादर केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते.

चलनपावती | ११ ऑगस्ट २०२५
फर्निचर फर्मच्या ८०० बद्दल. टीडीएस कापणाऱ्यांच्या बाजूने हे काम रोज करावे लागते, म्हणून नेमके काय घडले असेल ते सांगते.

कापणाऱ्याने दोन गोष्टी करायच्या असतात: चलनाने पैसे भरायचे आणि तिमाही २६क्यू विवरणपत्र भरायचे. दुसरी झाल्याशिवाय तुमच्या २६एएसमध्ये काही उमटत नाही. पैसे भरले पण २६क्यू राहिले, असे लहान फर्ममध्ये फार होते. दुसरी शक्यता पॅनची. पॅन दिलाच नसता तर २० टक्के कापले असते. १ टक्का कापलाय म्हणजे पॅन त्यांच्याकडे आहे, पण टाइप करताना एखादे अक्षर चुकले असेल तर तुमचे ८०० दुसऱ्याच कोणाच्या खात्यात बसले असतील.

कोणती चूक आहे ते ओळखायला एक सोपी खूण आहे. त्यांच्याकडे फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागा, पण ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून उतरवलेलाच. तो २६क्यू भरल्याशिवाय निघतच नाही. वर्डमध्ये टाइप करून शिक्का मारलेला कागद दिला तर समजा की विवरणपत्र भरलेले नाही. १६ए मिळाला तर त्यावरचा पॅन अक्षर-अक्षर जुळवून बघा.

पाठवायचा मजकूर साधारण असा: ‘आपण माझ्या अमुक तारखेच्या दोन बिलांमधून प्रत्येकी ४०० रुपये टीडीएस कापला आहे. तो माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही. माझा पॅन अमुक. कृपया चलनाचा क्रमांक व तारीख आणि संबंधित तिमाहीच्या २६क्यूचा पावती क्रमांक कळवावा. पॅन चुकला असल्यास दुरुस्ती विवरणपत्र भरावे.’ शेवटी लिहा की २६क्यूला उशीर झाला तर कलम २३४ई प्रमाणे रोज २०० रुपये शुल्क त्यांच्यावर चढते, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. बहुतेक वेळा या वाक्याने काम होते.

२६एएसमध्ये ओळ आली की ‘स्टेटस’चा रकानाही बघा. ‘एफ’ म्हणजे पक्की नोंद. ‘यू’ असेल तर चलन जुळलेले नाही, त्यावर क्रेडिट मिळत नाही.

खतावणी | ११ ऑगस्ट २०२५
वरच्याला जोडून: फर्मने दुरुस्ती केली नाही तरी ८०,००० जमेत दाखवा आणि ८०० चा दावाही करून ठेवा. त्यासाठी फर्मचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागेल. तुमचा कर शून्य असल्यामुळे फार तर परतावा ८०० ने कमी येईल, वसुली निघणार नाही. नंतर २६एएसमध्ये नोंद आली की आयकर पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती टाकायची. दावाच केला नसेल तर मात्र रिटर्नच सुधारून भरावे लागते, आणि त्याला ३१ डिसेंबर २०२५ ची मर्यादा आहे.

आता मेमधले ४,०००. कंपनीने बिल मेमध्ये खात्यात घेतले आणि तेव्हा कपात केली, म्हणून ती नोंद २०२५-२६ ची. पोर्टलवर २६एएस उघडताना करनिर्धारण वर्ष २०२६-२७ निवडा. एप्रिल ते जून तिमाहीच्या २६क्यूची मुदत ३१ जुलैला संपली, त्यामुळे आता दिसायला हरकत नाही. तुम्ही पैसे हातात आल्यावर जमा धरत असाल तर ते ४०,००० आणि ४,००० दोन्ही पुढच्या वर्षी दाखवा. उत्पन्न ज्या वर्षी, टीडीएसचे क्रेडिट त्याच वर्षी, हा नियम आहे. बिल दिले की जमा धरायची पद्धत असेल तर उत्पन्न या वर्षी येईल आणि क्रेडिटसाठी फॉर्म ७१ भरावा लागेल. कर कापला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांत तो भरता येतो. जी पद्धत आजवर वापरलीत तीच ठेवा.

१५जी कंपन्यांना देऊन उपयोग नाही. तो मुदत ठेवीच्या व्याजासारख्या काही ठरावीक रकमांना चालतो, कलम १९४जे (व्यावसायिक शुल्क) किंवा १९४सीला (कंत्राटी काम) चालत नाही. कपात थांबवायचा मार्ग कलम १९७ चा: ट्रेसेसवर फॉर्म १३ भरून कमी किंवा शून्य दराचा दाखला मागायचा. तो ठरावीक कंपनीसाठी, ठरावीक रकमेपुरता मिळतो आणि मागच्या तारखेने लागू होत नाही. म्हणून अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करा. बिल्डर कंपनीचे काम पुढेही असेल तर हा खटाटोप नक्की करा. महिन्याकाठी २०,००० मिळवणाऱ्याचे २,००० वर्षभर अडकून राहणे हा लहान भार नाही.

१ एप्रिल २०२५ पासून १९४जेची मर्यादा वर्षाला ३०,००० वरून ५०,००० झाली आहे. लहान कामांना त्याचा थोडा फायदा होईल.

घोटी_सिन्नर | १२ ऑगस्ट २०२५
भावाचा एकच मालवाहू टेम्पो आहे. कंपनी भाड्यातून १ टक्का कापते. आणि २०२१-२२ चे रिटर्न भरलेच नव्हते, तेव्हा ९,००० कापले होते. ते गेले का?

खतावणी | १२ ऑगस्ट २०२५
टेम्पोचे सोपे आहे. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्याने तसे लेखी प्रतिज्ञापत्र पॅनसह दिले तर वाहतुकीच्या भाड्यावर टीडीएस कापायचा नसतो. नमुना कंपनीच्या हिशेबखात्याकडेच असतो.

२०२१-२२ चे गेलेले नाहीत. अद्ययावत रिटर्नने, म्हणजे मुदत गेल्यावर भरायच्या रिटर्नने, परतावा मागता येत नाही, त्यामुळे कोणी तसे भरून देतो म्हणाले तर पैसे देऊ नका. कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करायचा. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी ३१ मार्च २०२८ पर्यंत. उशिराचे खरे कारण कागदांसह द्या: आजारपण, कुटुंबातला मृत्यू, जे असेल ते. अर्ज मंजूर झाल्यावर रिटर्न भरायचे. अशा परताव्यावर व्याज मिळत नाही.

कागदपेन्सिल | १२ ऑगस्ट २०२५
दोघांचेही मनापासून आभार. २०२६-२७ निवडल्यावर ४,००० ची ओळ दिसली, ‘एफ’सह. मी पैसे आल्यावरच जमा धरते, म्हणजे ते पुढच्या वर्षी. वेळेत भरल्यावर परताव्यावर व्याज मिळते का? आणि बँक खात्याचे काही बघावे लागते का?

चलनपावती | १२ ऑगस्ट २०२५
व्याज मिळते. कलम २४४ए, १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का. ३०,००० वर महिन्याला १५० रुपये. ते पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ‘इतर स्रोत’मध्ये दाखवायचे असते.

खाते रिटर्न भरण्याआधीच पोर्टलवर प्रमाणित करून घ्या. नाव पॅनवरच्या नावाशी जुळले पाहिजे. लग्नानंतर पॅनवर एक आडनाव आणि बँकेत दुसरे, यावर कितीतरी परतावे परत फिरतात. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला असेल तर नवा टाका. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर परतावा येणारच नाही. आणि ‘थकीत मागणी’ या पानावर एखादी जुनी रक्कम पडून आहे का ते बघा. असेल तर परतावा तिच्यात वळता करण्याआधी सूचना येते, उत्तराला २१ दिवस असतात. ती मागणी चुकीची असेल तर त्या मुदतीतच ‘मान्य नाही’ नोंदवून कागद जोडा.