मदत हवी आहे : आरशांच्या सौरऊर्जेत मुलीचं करिअर होईल का?

राम राम मंडळी. माझी भाची धुळ्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे सौर औष्णिक विजेतच एम.टेक. करायचंय. घरी कोणाला धड सल्ला देता येत नाही, म्हणून इथे विचारतोय.

साक्रीजवळ महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा प्रकल्प आहे, पण तो पॅनेलचा. ती म्हणते ते वेगळं: आरशांनी ऊन एका जागी आणायचं, त्यावर मीठ वितळवून साधारण 565 अंशांपर्यंत तापवायचं आणि सूर्य मावळल्यावर त्याच उष्णतेवर टर्बाइन फिरवायचं. स्पेनच्या जेमासोलार प्रकल्पात 15 तास वीज बनवता येईल एवढी उष्णता साठते! ऐकून मीही हरखलो.

काळजी वाटते ती आपल्याकडची. राष्ट्रीय सौर मिशनमध्ये 2010 साली अशा एकूण 470 मेगावॉटच्या प्रकल्पांना मंजुरी मिळाली, उभे राहिले मोजकेच. तेवढ्यात पॅनेल स्वस्त झाले. चीनमध्ये मात्र नवे प्रकल्प होताहेत. शिवाय या तंत्राला थेट, स्वच्छ ऊन लागतं. भुसावळचं मे महिन्यातलं ऊन आपण जाणतोच, पण पावसाळ्यातल्या ढगांचं काय?

मला वाटतं, विजेपेक्षा कारखान्यांना लागणाऱ्या वाफेत जास्त वाव असेल. शिर्डीच्या प्रसादालयात आरशांच्या वाफेवर स्वयंपाक होतोच. जळगावकडे केळी वाळवायला, दूध तापवायला असं कोणी वापरतंय का? या क्षेत्रात काम करणारं कोणी असेल तर सांगा: तिने याच विषयात जावं, की उष्णता साठवण असा व्यापक विषय घ्यावा? अर्जाची मुदत जवळ आलीय.