डेल्फी: कंपोनंटच्या आत कंपोनंट – फॉर्म पुन्हा उघडला की आतली एडिट वाढत जाते

प्रश्न – पत्तापट्टी

व्हीसीएलमध्ये (डेल्फी या प्रोग्रामिंग साधनाची तयार खिडक्या-बटणांची लायब्ररी) दोन मजली कंपोनंट आहे. आतला ‘टीपिनचौकट’: एक एडिट आणि शेजारी शोधाचं बटण. तो बसतो ‘टीपत्तापट्टी’मध्ये, सोबत जिल्ह्यांचा कॉम्बोबॉक्स. दोन्हींचा पूर्वज टीकस्टमपॅनेल. आतली सगळी कंट्रोल्स कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) क्रिएट(एओनर) अशी बनवली आहेत आणि लगेच पेरेंट म्हणून सेल्फ (तो कंपोनंट स्वतः) दिला आहे.

अडचणी अशा:

१. फॉर्म सेव्ह करून बंद केला आणि पुन्हा उघडला की एडिटखाली आणखी एक एडिट. पुन्हा सेव्ह केला की तीन.
२. प्रोग्राम चालवला की काही फॉर्मवर ‘क्लास टीएडिट नॉट फाउंड’. काहींवर मात्र काहीच होत नाही.
३. कन्स्ट्रक्टरमध्ये कॉम्बोत ३६ जिल्हे भरायला गेलं की ‘कंट्रोल हॅज नो पेरेंट विंडो’. पेरेंट तर वरच्याच ओळीत दिलाय!
४. पट्टीचं एनेबल्ड फॉल्स केलं तरी आतली एडिट पांढरीशुभ्र दिसते. टाइप होत नाही, पण दिसते चालू.

---

प्रतिसाद १ – ओनर_की_पेरेंट

१ आणि २ हा एकच दोष आहे. ओनर म्हणजे कंपोनंटला कोण मोकळं करणार आणि त्याचं नाव कोणाच्या यादीत राहणार. पेरेंट म्हणजे तो कोणाच्या खिडकीत दिसणार. तुम्ही पेरेंट बरोबर दिलात, ओनर मात्र फॉर्म ठेवलात.

फॉर्म सेव्ह होताना टीविनकंट्रोलचं गेटचिल्ड्रन आपल्या पोटातल्या प्रत्येक कंट्रोलला एकच गोष्ट विचारतं: तुझा ओनर हाच मूळ फॉर्म आहे का? असेल तर ते कंट्रोल डीएफएममध्ये (फॉर्म साठवणारी फाइल) लिहिलं जातं. तुमची एडिट अशीच लिहिली गेली. फॉर्म उघडताना एक एडिट कन्स्ट्रक्टर बनवतो, दुसरी डीएफएममधून येते. पुढच्या सेव्हला दोन्ही लिहिल्या जातात, म्हणून दर फेरीला एकेक वाढते. खात्री करायची तर फॉर्मवर आल्ट+एफ१२ दाबून मजकूर बघा: पट्टीच्या आत बिननावाचे टीएडिट रांगेत उभे दिसतील.

‘नॉट फाउंड’ काहीच फॉर्मवर का येतं? चालू प्रोग्राम डीएफएममधल्या क्लासचं नाव फॉर्मच्या पब्लिश्ड (डिझायनर आणि डीएफएमला दिसणाऱ्या) फील्डांच्या क्लासांत शोधतो. ज्या फॉर्मवर तुमची स्वतःची एखादी साधी टीएडिट ठेवलेली आहे तिथे ते सापडतं आणि गाडी पुढे जाते. जिथे नाही तिथे अडकते.

उपाय: क्रिएट(एओनर)च्या जागी क्रिएट(सेल्फ). हे दोन्ही मजल्यांवर हवं. पिनचौकटीचा ओनर पत्तापट्टी, एडिटचा ओनर पिनचौकट. साखळीत एक कडी जरी फॉर्मला बांधलेली राहिली तरी तेवढा भाग दुप्पट होईल. जुन्या डीएफएममधले जादा टीएडिट मात्र हाताने काढावे लागतील, ते आपोआप जाणार नाहीत.

आतल्यांना एओनर ठेवून वर नावंही दिली असती तर पट्टी दुसऱ्यांदा फॉर्मवर टाकतानाच ‘त्या नावाचा कंपोनंट आधीच आहे’ म्हणून अडली असती. ओनर सेल्फ असला की दहा पट्ट्यांत दहा ‘पिनएडिट’ सुखाने नांदतात.

---

प्रतिसाद २ – हँडल_नीडेड

३ बद्दल. कॉम्बोच्या आयटम्स खऱ्या विंडोज कंट्रोलमध्ये राहतात, त्यामुळे ॲड म्हटलं की हँडल (विंडोजने खिडकीला दिलेली ओळख) लागतं. कॉम्बो आपल्या पेरेंटकडे हँडल मागतो, पट्टी तिच्या पेरेंटकडे. कन्स्ट्रक्टर चालू असताना पट्टीला स्वतःलाच अजून पेरेंट नाही. एका पायरीवर दिलेला पेरेंट पुरत नाही, साखळी वर फॉर्मपर्यंत पोचायला हवी.

भरणं क्रिएटविंडमध्ये (खरी खिडकी बनवणारी मेथड) न्या. क्रिएटविंड ओव्हरराइड करा, आधी इनहेरिटेड, मग आयटम्सचा काउंट शून्य असेल तरच जिल्हे घाला. ही अट विसरू नका. खिडकी पुन्हा बनते तेव्हा क्रिएटविंड पुन्हा चालतं आणि कॉम्बो आपले जुने आयटम्स स्वतःच परत आणतो. अट नसेल तर ३६ चे ७२ होतील. लोडेडमध्ये (डीएफएम वाचून झाल्यावर चालणारी मेथड) भरायचा सल्लाही मिळेल, पण तो अर्धवट आहे: पट्टी कोडमधून बनवली तर लोडेड येतच नाही.

४ साठी: विंडोज पेरेंट बंद झाला की आतल्यांना माउस-कीबोर्ड मिळत नाही, पण त्यांची स्वतःची एनेबल्ड स्थिती बदलत नाही, म्हणून ती करडी होत नाहीत. सीएम_एनेबल्डचेंज्ड हा संदेश पकडा, इनहेरिटेड म्हणा आणि आतल्या प्रत्येकाला एनेबल्ड पुढे द्या. पट्टीने पिनचौकटीला, चौकटीने एडिटला. पट्टीने थेट एडिटला हात घालू नये.

मांडणीसाठी सेटबाउंड्स (जागा आणि आकार ठरवणारी मेथड) ओव्हरराइड केलं असेल तर सांभाळा. पूर्वजाचा कन्स्ट्रक्टरच रुंदी-उंची ठरवताना ते बोलावतो, तेव्हा तुमची एडिट अजून निल असते आणि थेट ॲक्सेस व्हायोलेशन. त्यापेक्षा अलाइन वापरा: बटणाला एएलराइट (उजवीकडे चिकटव), एडिटला एएलक्लायंट (उरलेली जागा घे). बटणाची रुंदी २४ असा आकडा न लिहिता क्लायंटहाइटएवढी ठेवा. १५० टक्के स्केलिंगवर २४ चे ३६ व्हायला हवेत आणि कोडात लिहिलेला २४ तसाच राहू शकतो.

---

प्रतिसाद ३ – पॅकेज_दुरुस्ती

वरचं सगळं बरोबर. आणखी एक निर्णय आताच घ्या: आतलं काय बाहेर दाखवायचं?

आख्खी एडिट पब्लिश्ड करायची तर कन्स्ट्रक्टरमध्ये तिच्यावर सेटसबकॉम्पोनंट(ट्रू) हवं, म्हणजे ‘ही माझाच आतला भाग’ असं सांगणं. ही सोय डेल्फी ६ पासून आहे; त्याच आवृत्तीत आलेल्या टीलेबल्डएडिटचं लेबल असंच चालतं. प्रॉपर्टीला फक्त रीड पुरे. हे विसरलात तर ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर तिला बाहेरच्या कंपोनंटचा नुसता संदर्भ समजतो आणि बदललेला रंग सेव्ह होत नाही. आतल्याला नावही द्या. बिननावाच्या सबकंपोनंटच्या इव्हेंटवर डबलक्लिक केलं की आयडीई मेथड बनवायला नकार देते.

पण माझं मत: एडिट एकवेळ दाखवा, कॉम्बो मुळीच नको. कॉम्बो पब्लिश्ड केलात की जिल्ह्यांची यादी प्रत्येक फॉर्मच्या डीएफएममध्ये उतरते. मग तुम्ही कंपोनंटमध्ये ‘उस्मानाबाद’चं ‘धाराशिव’ आणि ‘अहमदनगर’चं ‘अहिल्यानगर’ करता, आणि जुने फॉर्म जुनीच नावं दाखवत राहतात, कारण तिथे डीएफएममधली यादीच भरली जाते. त्यापेक्षा ‘जिल्हा’ आणि ‘पिन’ अशा दोन स्ट्रिंग प्रॉपर्टी द्या.

इव्हेंटही तसेच. एडिटचा ऑनचेंज आतल्या मेथडला जोडा आणि तिथून तुमचा स्वतःचा इव्हेंट सेल्फ देऊन उडवा. सेंडर तसाच पुढे ढकललात तर फॉर्मवाला त्याला टीपत्तापट्टी समजून कास्ट करेल आणि हातात एडिट येईल.

डीफॉल्टचं एक जुनं दुखणं: मॅक्सलेंग्थ (जास्तीत जास्त किती अक्षरं) या प्रॉपर्टीपुढे ‘डीफॉल्ट ६’ लिहिल्याने किंमत ६ होत नाही, फक्त ६ असेल तर ती डीएफएममध्ये लिहू नये एवढंच ठरतं. मॅक्सलेंग्थ कन्स्ट्रक्टरमध्येही ६ करा, नाहीतर सेव्ह केलेला ६ उघडल्यावर ० होऊन येईल. आणि नंबर्सओन्लीवर (फक्त आकडे टाइप होऊ देणारी प्रॉपर्टी) विसंबू नका, पेस्ट केलेली अक्षरं त्यातून आत येतात.

कंट्रोलस्टाइलमधून सीएसॲक्सेप्ट्सकंट्रोल्स काढा, नाहीतर डिझायनरमध्ये कोणीतरी पट्टीत बटण टाकेल. सीएससेटकॅप्शनही काढा, मागे ‘पत्तापट्टी१’ असं नाव उमटतं ते जाईल.

---

पत्तापट्टी

क्रिएट(सेल्फ) केल्यावर १ आणि २ गेले. डिस्ट्रॉयमध्ये आतल्यांना फ्री करायचं का? आणि एवढ्यासाठी फ्रेम (अनेक फॉर्मवर ठेवता येणारा तयार तुकडा) वापरली असती तर?

---

ओनर_की_पेरेंट

फ्री नको. ओनर सेल्फ आहे, तोच मोकळं करतो. नोटिफिकेशन मात्र ओव्हरराइड करा: ओपीरिमूव्ह (कंपोनंट काढला जातोय) आलं आणि कंपोनंट आपली एडिट असेल तर फील्ड निल. कोणी बाहेरून एडिट उडवली तर लोंबकळता पॉइंटर राहत नाही.

फ्रेम झटपट होते, पॅकेजची भानगड नाही. पण फॉर्मवर ठेवलेल्या फ्रेममध्ये कोणीही आतल्या एडिटची जागा हलवू शकतो, तो बदल त्या फॉर्मच्या डीएफएममध्ये बसतो आणि मूळ फ्रेम सुधारली तरी तिथे पोचत नाही. मग एकेका फॉर्मवर ‘रिव्हर्ट टू इनहेरिटेड’ करत बसायचं. दोन-तीन फॉर्म असतील तर फ्रेम, वीस असतील तर तुमची पट्टीच बरी.

चाचणी घेताना पट्टी नुसती कोडमधून बनवून बघू नका, तसं केलं तर स्ट्रीमिंगचा दोष दिसतच नाही. फॉर्मवर दोन पट्ट्या टाका, सेव्ह, बंद, पुन्हा उघडा, आल्ट+एफ१२.